चौदा माणसं, पाच दिवस, एक बंब : गणपतीतल्या ऊर्जेचा हिशोब

आगरवाट
मंडळी, हा धागा विज्ञान विभागात टाकू की गप्पांत, कळत नव्हतं. शेवटी इथेच टाकतो.

गणपतीला बहिणीकडची मंडळी डोंबिवलीहून गावी (गुहागर तालुका) आली. भाची अकरावीला. येताना कॉलेजचा पर्यावरणाचा प्रकल्पही घेऊन आली, विषय 'माझ्या घरातील ऊर्जास्रोत'. पहिल्याच पानावर तिने लिहिलं होतं : वीज, गॅस, सोलर. झालं, संपलं.

गौरीपूजनाच्या दिवशी साडेअकराला लाईट गेली. वहाळाजवळच्या फणसाची फांदी तारांवर पडली होती. मी निवांत. स्लॅबवर गेल्या वर्षीच ३ किलोवॅटचं सोलर बसवलंय आणि त्या दिवशी ऊनही बऱ्यापैकी होतं. तरी पंखे बंद, मिक्सर बंद, वाटपाचं खोबरं तसंच अर्धवट. भाची म्हणाली, "मामा, तुझं सोलर लायटीवर चालतं का?" ओटीवर बसलेली सगळी हसली. बसवणाऱ्याने हे मला सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

मग दोघं इरेला पेटलो. पाच दिवस घरात जे जे जळलं ते मोजायचं ठरवलं. काजूबी मोजायचा ताणकाटा होताच, त्याने रोजची लाकडं मोजली. मीटरचं रीडिंग सकाळ-संध्याकाळ घेतलं. घरात माणसं चौदा. पाच दिवसांचा हिशोब असा :

वीज, सोलर धरून, ६१ युनिट. त्यातले ३४ सोलरचे.
गॅस सिलेंडर अंदाजे दोन तृतीयांश संपला.
लाकूड ११५ किलो. आंघोळीच्या पाण्याच्या बंबात रोज १२ किलोच्या आसपास, बाकी मागच्या पडवीतल्या चुलीवर.

आता प्रश्न. किलो, युनिट आणि सिलेंडर यांची बेरीज कशी करायची? आणि लाईट गेल्यावर सोलर का झोपतं?

चाफेकळी
वाटपाचं खोबरं अर्धवट! पाटा-वरवंटा नव्हता का घरात? तो पण ऊर्जास्रोतच. :)

आगरवाट
होता ना. आईने तोच काढला. वहीत 'मामी' असा स्रोत लिहायचा प्रस्ताव आला होता, मामीने हाणून पाडला.

किलोवॅट_काका
दुसरा प्रश्न आधी घेतो, सोपा आहे. तुमचा इन्व्हर्टर ग्रिडला बांधलेला प्रकार आहे. तो बाहेरच्या तारेतला ५० हर्ट्झचा ताल ऐकतो आणि त्या तालावर वीज ढकलतो. ताल थांबला की त्याने लगेच थांबायचं, असा नियमच आहे. कारण वायरमन खांबावर चढलेला असतो. डीपीवरून लाईन बंद करून तो निर्धास्त तारेला हात घालणार आणि तुमच्या स्लॅबवरून उलटी वीज त्या तारेत येणार. माणूस जाईल. तुमचं सोलर झोपलं म्हणून तो फणसाची फांदी काढणारा जिवंत खाली उतरला असं समजा.

लाईट गेल्यावरही दिवे हवेत तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. तो लाईट जाताच घर बाहेरच्या तारेपासून तोडतो आणि मग बॅटरीवर चालतो. खर्च वाढतो. सरकारी अनुदान (पीएम सूर्यघर, ३ किलोवॅटला जास्तीत जास्त ७८,००० रुपये) पॅनलच्या क्षमतेवर मिळतं, बॅटरीवर नाही.

पहिल्या प्रश्नाकडे रात्री येतो. जेवायला हाक आली.

देवगडकार
आमच्याकडे पावसात लाईट जाता म्हणान कोण रडणा नाय. ती येता तेव्हा रडतव, कारण फ्रीजात काय झाला ता तेव्हा कळता.

शास्त्रीकाठ
मला दुसरंच सुचलं. गुहागर तालुक्याच्या उत्तरेला दाभोळची खाडी, तिच्या तोंडाशी अंजनवेलचं गॅसवरचं केंद्र, सुमारे १९६७ मेगावॉट. दक्षिणेला जयगडची खाडी, तिच्या पलीकडे कोळशावरचं १२०० मेगावॉट. आणि मधल्या गावात फणसाची फांदी पडली की अंधार. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

फेरीबोट
+१. धोपाव्याहून दाभोळला जाताना बोटीतून केंद्र दिसतं आणि कुणीतरी हे वाक्य म्हणतंच.

किलोवॅट_काका
शास्त्रीकाठ, वाक्य झकास आहे पण निष्कर्ष चुकतोय. केंद्रातून निघणारी वीज ४०० केव्हीच्या (म्हणजे चार लाख व्होल्ट दाबाच्या) टॉवरवरून जाते. दाब चढवला की तेवढ्याच विजेला प्रवाह कमी लागतो आणि तारेत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने घटते. म्हणून ती थेट मोठ्या उपकेंद्रात जाऊन पडते. तुमच्या डोक्यावरून गेली तरी ती तुमची नव्हे. गावाला येते ती ३३ केव्हीवरून ११ केव्हीवर उतरून, आणि ही ११ केव्हीची लाईन आंबा-फणस-किंजळीच्या रानातून येते. केंद्र शेजारी असो की चंद्रपूरला, फांदी पडायची ती पडणारच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. वीज तयार होत नव्हती म्हणून नाही, खांबच आडवे झाले होते म्हणून.

आता बेरीज. किलो-सिलेंडरची बेरीज करायची तर सगळं उष्णतेत आणायचं. १ युनिट म्हणजे १ किलोवॅट-तास, म्हणजे ३६ लाख जूल. गॅसच्या १४.२ किलोच्या सिलेंडरमध्ये साधारण १८० युनिट उष्णता असते. सुकं लाकूड किलोला चार-साडेचार युनिट, पण भाद्रपदातलं दमट लाकूड साडेतीनच धरा, कारण आधी त्यातलं पाणी उकळून घालवण्यात जळण जातं. म्हणजे तुमचा हिशोब :

वीज ६१, गॅस १२०, लाकूड सुमारे ४००.

भाचीच्या वहीत लाकूड नव्हतंच ना? आणि घरात सगळ्यात जास्त तेच जळलं.

माहेरवाशीण
हे वाचून धक्का बसला. आमच्याकडे 'ऊर्जा' म्हटलं की लाईट बिलच डोळ्यांपुढे येतं. नारळाची सोडणं, झावळ्या, पिढे हे 'कचरा' या सदरात. लहानपणी बंब पेटवायचं काम माझं असायचं. सोडणाचा काथ्या मोकळा करून त्यावर निखारा ठेवायचा आणि फुंकणीने... डोळ्यांत पाणी आलंच, आठवणीचं नव्हे, धुराचं.

सतराशेसाठ_विघ्नं
काका, पण हे सफरचंद आणि संत्र्यांची बेरीज झाल्यासारखं नाही का? (कोकणात आहोत, तर हापूस आणि रायवळ म्हणू.) विजेच्या ६१ युनिटांत पंखा फिरतो, फ्रीज चालतो, मोबाईल भरतो. लाकडाच्या ४०० युनिटांत फक्त पाणी तापतं आणि अर्ध्याहून जास्त धुराड्यातून जातं.

किलोवॅट_काका
अगदी बरोबर हरकत. ऊर्जेला नुसतं माप नसतं, दर्जाही असतो. विजेची उष्णता करायला एक साधी तार पुरते. उष्णतेची वीज करायला अख्खं केंद्र उभं करावं लागतं, आणि तरी कोळशाच्या केंद्रात शंभरातले पस्तीस-चाळीसच हाती लागतात. बाकी थंड करायच्या पाण्यातून आणि चिमणीतून जातात. अंजनवेलसारख्या गॅसच्या एकत्रित चक्राच्या केंद्रात पन्नासच्या वर लागतात, कारण गॅस टर्बाइनमधून निघालेल्या गरम हवेवर पुन्हा वाफ करून दुसरं टर्बाइन फिरवतात. म्हणजे तुमच्या वहीतले बाहेरून आलेले २७ युनिट कोळशावरचे असतील तर त्यामागे कुठेतरी सत्तर-पंचाहत्तर युनिट उष्णता जळलेली आहे.

बंबाचं पण काढून बघा. चौदा जणांची चौदा बादल्या आंघोळ, बादली १५ लिटरची, पाणी २६ अंशांवरून ४२ वर. एक लिटर पाणी एक अंश चढायला ४.२ किलोजूल. सगळं मिळून जेमतेम ४ युनिट. आणि बंबात घातलं रोज १२ किलो, म्हणजे ४२ युनिट. शंभरातले दहाच आंघोळीला आले.

आगरवाट
आईला हे दाखवलं. तिचं उत्तर : "आणि तुझी मोठी बहीण तासभर आंघोळ करते ते कोण मोजणार?"

पाटीपेन्सिल
शिक्षिका आहे म्हणून एक मुद्दा. आमच्या पुस्तकांत अजून 'पारंपरिक' आणि 'अपारंपरिक' अशी विभागणी येते आणि मुलं त्यालाच 'संपणारं' आणि 'न संपणारं' समजतात. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. चुलीतलं लाकूड पारंपरिक, पण तोडल्याइतकं वाढू दिलं तर ते नवीकरणीय. कोयनेचं पाणी जुन्या यादीत पारंपरिकात, पण दर पावसाळ्यात भरतं. उलट अणुऊर्जा कुठल्या कुठल्या यादीत अपारंपरिकात येते, पण युरेनियम खाणीतून एकदाच निघतं. भाचीला सांगा, 'हा साठा माझ्या हयातीत परत भरेल का' एवढं एकच विचार. कोळसा, तेल, वायू, युरेनियम नाही, बाकी बहुतेक हो.

आणखी एक. 'वीज' हा स्रोत म्हणून लिहिला असेल तर मी अर्धा गुण कापते. वीज दुय्यम आहे, ती कशाची तरी झालेली असते. वीज बटणातून येते म्हणणं म्हणजे पाणी नळातून येतं म्हणण्यासारखं. विहीर कुठली ते सांगायला हवं.

फेरीबोट
मग गुहागरच्या बटणामागची विहीर कुठली? कोयना?

किलोवॅट_काका
सगळ्या विहिरींचं पाणी एकाच टाकीत पडतं आणि टाकीतून नळ निघतो. तुमच्या दिव्यातला कुठला कण कुठला, ते कुणी सांगू शकत नाही. पण कोयनेचं नाव काढलंत तर मला थांबवू नका. नोकरीतली उमेदीची वर्षं कोयनेच्या पोफळीच्या वीजघरात गेली.

कोयना नदी खरं तर पूर्वेला जाणारी, कृष्णेला मिळणारी. तिला अडवून शिवसागर जलाशय केला आणि त्यातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला आणलं. पहिला संच १९६२ साली फिरला. पोफळीचं जुनं वीजघर डोंगराच्या आत आहे. आत गेलं की बाहेर पाऊस आहे की ऊन ते कळत नाही, फक्त टर्बाइनचा घूं असा आवाज, तो पायांतून वर येतो. घरी गेल्यावरही कानात तासभर राहायचा.

तुमच्या स्लॅबवर हजार लिटरची काळी टाकी असेल. ती पाण्याने भरून पावणेपाचशे मीटर खाली सोडली तर टर्बाइन-जनित्रातून किती वीज मिळेल? साधारण एक युनिट आणि वर थोडं. एवढंच! तुमचे पाच दिवसांतले ६१ युनिट म्हणजे पन्नासहून जास्त टाक्या. एवढ्या उंचीवरून पडूनही. पाण्याचं वजन आणि उंची यांच्यात ऊर्जा किती विरळ असते ते यावरून कळतं. लिटरभर डिझेलमध्ये दहा युनिट उष्णता असते, म्हणून तर तेलाचा मोह सुटत नाही.

मग कोयनेचं महत्त्व कशात? क्षमता १९६० मेगावॉट, पण पश्चिमेला वळवायचं पाणी कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीवर (अब्ज घनफुटांवर) बांधलेलं. सगळे संच एकदम पूर्ण ताकदीने फिरवले तर दोनेक महिन्यांत वर्षाचा कोटा संपेल. म्हणून ते पाणी संध्याकाळसाठी राखतात. सगळ्या महाराष्ट्रात एकदम दिवे, टीव्ही, पंखे लागतात तेव्हा कोळशाचं केंद्र पटकन वर येत नाही, त्याला तास लागतात. पाण्याची झडप काही मिनिटांत उघडते. किलोवॅट आणि युनिट यांतला फरक हाच. किलोवॅट म्हणजे नळ किती मोठा, युनिट म्हणजे किती पाणी गेलं. तुमच्या सोलरच्या जाहिराती दोन्हींची खिचडी करतात.

फेरीबोट
आणि ते पाणी पुढे वाशिष्ठीतून चिपळूण करत दाभोळच्या खाडीत येतं. म्हणजे माझ्या बोटीखालून जातं. वीज करून दमलेलं पाणी अंजनवेलच्या गॅस केंद्रासमोरून समुद्राला मिळतं. हे आजवर लक्षात आलं नव्हतं.

कातळशिल्प
सगळं गोड चाललंय म्हणून थोडं मीठ टाकतो. दाभोळचा जुना प्रकल्प (म्हणजे हेच अंजनवेलचं केंद्र) १९९९ ला सुरू झाला आणि २००१ ला बंद पडला, कारण वीज महाग पडत होती. म्हणजे इंधन नुसतं असून भागत नाही, परवडायला लागतं. मग गॅस द्रवरूपात, उणे १६२ अंशांवर, जहाजातून आणायचा, तर लाटरोधक भिंत अपुरी म्हणून कितीतरी वर्षं पावसाळ्यात जहाज लागायचं नाही. आणि दक्षिणेला माडबनला (जैतापूर प्रकल्प) सहा अणुभट्ट्या, एकूण दहा हजार मेगावॉटच्या आसपास, कागदावर कधीच्या आहेत. मच्छीमारांना गरम पाण्याची भीती, आंबेवाल्यांना जमिनीची. कोकणाने किती वीजकेंद्रं झेलायची?

सतराशेसाठ_विघ्नं
जैतापूरवर या धाग्यात नको. आधीच्या धाग्यावर ३०० प्रतिसाद झाले आणि दोन आयडी उडाले.

किलोवॅट_काका
सहमत, पण कातळशिल्प यांचा एक मुद्दा विज्ञानाचाच आहे. गरम पाणी. कोळसा असो वा अणू, जिथे वाफेवर वीज होते तिथे जवळजवळ दोन तृतीयांश उष्णता फेकावीच लागते. समुद्रकाठी केंद्रं येतात ती फेकायला पाणी मिळतं म्हणून. उत्तर कोकणात तारापूरला १९६९ पासून हे चालू आहे.

देवगडकार
आता वाऱ्याचा सांगतंय. देशातल्या पयल्या पवनचक्क्यांतल्यो काही १९८६ साली रत्नागिरीक बसवलेल्यो, ५५ किलोवॅटच्यो. आमच्या देवगडाक तर लोक त्या बघूकच येतत, फोटो काढतत, आणि विचारतत "आज बंद कित्याक?" अरे बाबा, वारो पडलो म्हणान.

(प्रमाण मराठीत : वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाने वाढते. वेग निम्मा झाला तर वीज एक अष्टमांश. पण वारा आषाढ-श्रावणात सुटतो, नेमकं सोलर आजारी असतं तेव्हा. दोघांची जोडी लावली पाहिजे.)

आगरवाट
सोलर आजारी, अगदी बरोबर शब्द. माझ्या ३ किलोवॅटने मार्चमध्ये रोज १३-१४ युनिट दिले. जुलैत एका आठवड्यात रोज चार. एका दिवशी दीड!

माहेरवाशीण
तुरळ-राजवाडीची गरम कुंडं विसरलात सगळे. लाकूड नको, गॅस नको. तिथे वीज का करत नाहीत?

पाटीपेन्सिल
छान आठवण. ते पाणी भेगांतून खोल जाऊन तापून वर येतं. उन्हाशी त्याचा संबंध नाही, ही पृथ्वीच्या पोटातली उष्णता. पण आंघोळीला कढत असणं वेगळं आणि टर्बाइन फिरवायला दाबाची वाफ मिळणं वेगळं. उकळीच्या खालच्या पाण्यातून वीज काढता येते, पण हाती फार थोडी लागते. आंघोळीसाठी मात्र त्याहून स्वस्त बंब नाही.

कातळशिल्प
आणि भरती-ओहोटी? सहा तासांनी फुकट पाणी वर-खाली.

किलोवॅट_काका
फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखावर १९६६ पासून २४० मेगावॉटचं केंद्र आहे, पण तिथे भरती-ओहोटीतला फरक सरासरी आठ मीटर. आपल्याकडे रत्नागिरीच्या आसपास उधाणाला दोन-अडीच मीटर, भांगाला (लहान भरतीला) त्याहून कमी. बांधामागची ऊर्जा फरकाच्या वर्गाने ठरते, म्हणजे तेवढ्याच खाडीतून जेमतेम दहावा हिस्सा. त्यासाठी खाडीच्या तोंडावर बांध घालून कांदळवन, कालवं, तिसऱ्या (शिंपल्या) सगळं बुडवायचं. माझं मत विरोधात.

चाफेकळी
तिसऱ्या बुडवायच्या असतील तर माझं मतही विरोधात. सुक्क्यात घालायच्या आहेत.

रोजंदारी
इतका वेळ गप्प वाचत होतो. आगरवाट, तुमच्या वहीत सगळ्यात मोठा आकडा लिहिलाच नाहीये. डोंबिवलीहून माणसं आली कशात?

आगरवाट
गाड्यांनी. तीन गाड्या. का?

रोजंदारी
डोंबिवली-गुहागर जाऊन-येऊन ५२० किलोमीटर धरा. लिटरला १६ पडले तर गाडीमागे ३२-३३ लिटर पेट्रोल. लिटरला ९ युनिट उष्णता. एका गाडीचे जवळपास ३००, तीन गाड्यांचे ९००. तुमची वीज, गॅस आणि लाकूड एकत्र केलं तरी ५८१.

सतराशेसाठ_विघ्नं
😂😂 बंब निर्दोष सुटला.

आगरवाट
दोन दिवसांनी येतोय. भाचीला फोनवर हे सांगितलं. आधी म्हणाली "विषय 'घरातील' आहे, रस्त्यातला नाही." मग तासाभराने तिचाच फोन, सगळं पुन्हा लिहितेय. स्तंभालेखात पेट्रोलचा खांब इतका उंच झालाय की कागदाला खाली दुसरा कागद चिकटवावा लागला. लाकडाखाली 'नवीकरणीय, पण ओलं' अशी नोंद केली आहे. 'वीज' हा शब्द पहिल्या पानावरून खोडून 'कोळसा, पाणी, ऊन (प्रमाण माहीत नाही)' असं केलंय. पाटीपेन्सिल, अर्धा गुण वाचला.

इकडे मी लाकडं पडवीत चुलीच्या वर माळ्यावर सुकत घातली आणि बंबाचं हरवलेलं झाकण शोधलं. ते कोंबड्यांच्या पाण्याखाली सापडलं. आता घरात तिघंच, आंघोळीला तीन किलो लाकूड पुरतंय.

आईने रोजंदारी यांचा हिशोब ऐकून फर्मान काढलंय, पुढच्या वर्षी सगळ्यांनी रेल्वेने चिपळूणला उतरायचं. कोकण रेल्वे २०२२ पासून विजेवर आहे हे मीच तिला सांगून बसलो होतो. मेहुण्यांना कळवलं. ते म्हणाले, जरूर, गणपतीचं कन्फर्म तिकीट कुठल्या स्रोतातून मिळतं ते तेवढं धाग्यावर विचार.